दाखवायचे दात

बोरीवलीला समुद्र आहे ही गोष्ट बोरीवलीकरांना फक्त बाहेरगावचे पाहुणे आल्यावर आठवते. "तुमच्याकडे काय आहे पाहण्यासारखं?" असं पाहुण्यांनी विचारलं की आम्ही छाती पुढे काढून सांगतो, "एका अंगाला जंगल आणि दुसऱ्या अंगाला समुद्र! आहे मुंबईत दुसऱ्या कुणाकडे?" मग जंगलात जायचं तर चालावं लागतं आणि समुद्राकडे जायचं तर गोराईची खाडी होडीनं ओलांडावी लागते, हे लक्षात आल्यावर पाहुण्यांना स्टेशनाजवळच्या हॉटेलात मसाला डोसा खाऊ घालून निरोप देतो. पण ते काहीही असो. जंगल आणि समुद्र यांच्या बरोबर मधे बिऱ्हाड असल्यामुळे प्राणिशास्त्रावर बोलण्याचा आपल्याला जन्मसिद्ध हक्क आहे, असं प्रत्येक बोरीवलीकर मनातून मानतो. चर्चगेटकडचा माणूस बिबट्याविषयी बोलायला लागला तर आम्ही नुसते मंद हसतो.

या हक्काच्या जोरावरच आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर सध्या एक वाद पेटला आहे. एरवी पाण्याच्या विषयात आमची मजल 'टाकी किती वाजता भरली' याच्या पलीकडे जात नाही. यावेळी मात्र ती एकदम प्रशांत महासागराच्या तळाशी गेली. फार फार पूर्वी समुद्रात मेगॅलोडॉन नावाचा एक अगडबंब शार्क मासा होता. तो अजून खोल पाण्यात कुठंतरी जिवंत असेल का, हा तो वाद. 'आहे'वाल्यांच्या बाजूला माझा कॉलेजात जाणारा पुतण्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका. पुतण्याच्या मोबाईलमध्ये पुरावे आहेत आणि काकांच्या आवाजात. या काकांनी नोकरीत असताना व्हाउचरशिवाय कुणाला चार आणे दिले नसतील. पण पंधरा मीटरांचा मासा मात्र त्यांनी व्हाउचर न मागता मंजूर करून टाकला.

'नाही'वाल्यांच्या बाजूला मी एकटाच. तेव्हा पुरावे म्हणून जे जे सादर झालं ते मी रीतसर पाहिलं, त्याच्याविषयी वाचलं आणि आता त्याचं परीक्षण लिहायला बसलो आहे. नाटकासिनेमाची परीक्षणं लोक लिहितात, मग माशाचं का नसावं?

प्रथम नायकाची ओळख. मेगॅलोडॉन या ग्रीक नावाचा अर्थ 'मोठा दात'. बिचाऱ्याचं नावसुद्धा दातावरून पडलं, कारण मागे उरले ते बहुतेक दातच. शार्कच्या अंगात हाड नसतं. असते ती कूर्चा, आपल्या कानात असते तसली. मुशीचं कालवण खाल्लेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ज्या घरात पोरांच्या घशात काटा अडकायची भीती असते त्या घरात मुशी येते ती त्यामुळेच. मेल्यावर कूर्चा सहसा कुजून जाते आणि दात तेवढे टिकतात. मेगॅलोडॉनचे दात सतरा-अठरा सेंटिमीटरांपर्यंतचे सापडले आहेत. म्हणजे आपल्या पंजाएवढा एकेक दात! त्या दातांवरून आणि थोड्याफार मणक्यांवरून बाकीचा मासा कागदावर उभा करायचा. कवळीवरून आजोबांची उंची काढण्यासारखाच हा प्रकार. त्यामुळे अंदाज हलतात. बरेच दिवस पंधरा-सोळा मीटरांचा आकडा चालत होता. २०२५ सालच्या एका अभ्यासानं तो चोवीस मीटरांपर्यंत नेला आणि वर 'तो आपल्याला वाटत होता तेवढा गलेलठ्ठ नव्हता, सडपातळ होता' असंही सांगितलं. मेल्यानंतर लक्षावधी वर्षांनी वजन उतरलेला हा पहिलाच प्राणी असावा.

या दातांनी माणसाला पूर्वीपासून चकवलं आहे. युरोपात खडकांतून असे दगडी दात निघायचे तेव्हा लोक त्यांना सर्पांच्या जिभा समजायचे आणि विषावर उतारा म्हणून जवळ बाळगायचे. १६६६ साली फ्लॉरेन्समध्ये निकोलस स्टेनो नावाच्या पंडितानं एका शार्कचं डोकं फाडून तपासलं आणि म्हटलं, अहो, या जिभा कसल्या, हे तर याचे दात! साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली. दात सापडला की जीभ सैल सुटते, ही खोड मात्र माणसाची अजून गेलेली नाही.

आता पुराव्याची पहिली कलाकृती. २०१३ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या डिस्कव्हरी वाहिनीनं आपल्या शार्क सप्ताहात एक कार्यक्रम दाखवला. 'महाकाय शार्क जिवंत आहे' अशा अर्थाचं त्याचं नाव. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एक बोट बुडते, माणसं नाहीशी होतात, एक शास्त्रज्ञ मागावर निघतो, मधेच दुसऱ्या महायुद्धातला एक फोटो दाखवतात आणि त्यात जर्मन पाणबुड्यांच्या मागे एक अजस्र कल्ला! अंगावर काटा येतो. सुमारे अठ्ठेचाळीस लाख लोकांनी तो पाहिला. माझ्या पुतण्यानं त्याचेच तुकडे मोबाईलवर मला दाखवले.

कलाकृती म्हणून बोलायचं तर नेपथ्य उत्तम आहे. संवाद नैसर्गिक आहेत. शास्त्रज्ञाचं काम करणाऱ्यानं दाढीचे खुंट योग्य प्रमाणात वाढवले आहेत. दोष एवढाच की तो शास्त्रज्ञ नव्हता, नट होता. बोट बुडालेली नव्हती. फोटो बनावट होता. आणि हे सगळं मान्य करणारी सूचना कार्यक्रमाच्या अगदी शेवटी, काही प्रसंगांना नाट्यरूप दिलं आहे अशा थाटात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत येऊन गेली. आपल्याकडे औषधाच्या बाटलीवर मुदत जितक्या बारीक अक्षरांत छापतात तितक्या बारीक मनानं. पुतण्याच्या तुकड्यांत ती नव्हतीच. शेवटची चार सेकंदं कोण कापून पुढे पाठवतो?

दुसरी कलाकृती 'द मेग', २०१८ सालचा चित्रपट. स्टीव्ह ऑल्टन यांच्या १९९७ च्या कादंबरीवरून काढलेला. यात मारियाना गर्तेचा तळ हा खरा तळ नसतोच. तो असतो एका थंड वायूमिश्रित पाण्याचा थर आणि त्याच्या खाली ऊबदार, गजबजलेली एक वेगळीच दुनिया. तिथं मेगॅलोडॉन लाखो वर्षं भाडेकरूसारखा राहतो आहे. माणसं वरून भोक पाडतात, मासा बाहेर येतो, मग जेसन स्टेथम नावाचा नायक पोहत पोहत त्याचा समाचार घेतो. शेवटी गर्दीनं फुललेल्या किनाऱ्यावर मासा घुसतो आणि एवढ्या गोंधळात एक लहानसं कुत्रं सुखरूप वाचतं. हा प्रसंग बोरीवलीत कुणालाही पटणार नाही. आमच्याकडे पन्नास-साठ किलोचा बिबट्यासुद्धा कुत्र्याला सोडत नाही.

गर्तेचा हिशेब तर अगदीच कच्चा आहे. मारियाना गर्तेची खोली जवळजवळ अकरा किलोमीटर. म्हणजे बोरीवली स्टेशन पाण्याच्या पृष्ठभागावर धरलं तर तळ आला अंधेरीच्या आसपास. मधे कांदिवली, मालाड, गोरेगाव, जोगेश्वरी, सगळी पाण्यात! माणसानं आजवर सर्वांत खोल पाहिलेला मासा २०२२ साली ८,३३६ मीटरांवर टिपला गेला. तो वीतभर लांबीचा, बुळबुळीत, फिकट जीव होता. शार्क मंडळी तर तीन हजार मीटरांच्या खाली क्वचितच उतरतात. वर सांगितलेल्या प्रवासात त्यांचा पास कांदिवलीच्या थोडा पुढे संपतो. अंधेरीपर्यंत जाणारा शार्क आजतागायत कुणाला भेटलेला नाही.

असं असूनही मी 'द मेग'ला दुसऱ्या वर्गात पास करायला तयार आहे. कारण तो चित्रपट आपल्याला खोटं सांगतो ते तिकीट फाडून, दिवे मालवून, हातात मक्याच्या लाह्या देऊन. आपणही पैसे मोजून खोटं ऐकायलाच गेलेलो असतो. २०१३ चा कार्यक्रम मात्र तेच खोटं चष्मा लावून, नकाशा पसरून सांगतो. कीर्तनकारानं आख्यानात राक्षस आणला तर कुणी तक्रार करत नाही. तलाठ्यानं सात-बाराच्या उताऱ्यावर राक्षसाचं नाव चढवलं तर तक्रार करावी लागते.

बरं, 'गंमत आहे, सोडून द्या' असंही म्हणता येत नाही. पीटर बेंचली यांची 'जॉज' कादंबरी १९७४ साली आली आणि १९७५ साली तिच्यावर तो प्रसिद्ध चित्रपट निघाला. जगभर माणसं गुडघाभर पाण्यात उतरायला घाबरू लागली, आणि शार्क मारणं हा पराक्रम ठरला. पुढे खुद्द बेंचलींनाच त्याचं वाईट वाटलं आणि उरलेलं आयुष्य त्यांनी 'शार्कना वाचवा' हे सांगण्यात घालवलं. पण कादंबरी वाचणारे कोट्यवधी आणि लेखकाचा पश्चात्ताप वाचणारे मूठभर, असंच होणार. राक्षसाचा खप नेहमीच जास्त.

आता 'आहे'वाल्यांचं ऐकू या. कारण त्यांच्या पोतडीत सगळीच नाणी खोटी नाहीत. बँकवाल्या काकांचा हुकमाचा एक्का म्हणजे सीलाकांथ. हा मासा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत एका मासेमारी बोटीच्या ढिगाऱ्यात मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या संग्रहालयातल्या तरुण बाईंना तो ताजा ताजा मिळाला. प्राध्यापक स्मिथ यांनी त्याची ओळख पटवली आणि जगातले प्राणिशास्त्रज्ञ आपापल्या खुर्च्यांत उठून बसले. दुसरा एक्का मेगामाउथ नावाचा शार्क. १९७६ साली हवाई बेटांजवळ अमेरिकन नौदलाच्या एका जहाजाच्या समुद्री नांगरात तो अडकला. साडेचार मीटर लांब, साडेसातशे किलो वजन; आणि तोपर्यंत त्याचं अस्तित्व शास्त्राच्या गावीही नव्हतं! "मग?" काका विचारतात. "एवढा मोठा मासा १९७६ पर्यंत दडू शकतो, तर त्याहून मोठा आजपर्यंत का नाही? समुद्र सगळा पाहिलाय कुणी?"

प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्याचं उत्तर प्रत्येकाच्या घरात, स्वयंपाकघराच्या वर आहे. माळा! मुंबईतल्या कुठल्याही संसारात माळा हा महासागराइतकाच अज्ञात प्रदेश असतो. आमचा माळा आम्ही कित्येक वर्षांत पूर्ण पाहिलेला नाही. त्यावर आजीचा हरवलेला पानपुडा असू शकेल, तांब्याचा बंब असू शकेल, मांजरीनं पिल्लं घातली असतील तर तीही असू शकतील. सीलाकांथ म्हणजे तो पानपुडा: खोल कपारीत संथपणे राहणारा, माणूसभर लांबीचा. मेगामाउथ म्हणजे तो बंब: मोठा खरा, पण सुस्त, दिवसा खोल पाण्यात राहून बारीकसारीक जीव गाळून खाणारा. पण 'माळा पाहिलेला नाही, तेव्हा वर हत्ती असू शकेल' असं कुणी म्हणालं तर आपण माळ्यावर चढत नाही. आपण छताकडे पाहतो. हत्ती असता तर छत वाकलं असतं, आवाज आला असता, त्याला रोज ऊस लागला असता आणि सकाळी खाली काय काय पडलं असतं ते सांगायलाच नको. न पाहिलेल्या जागेत काय मावतं याचेही काही कायदे असतात.

आता नामशेष ठरलेलं पुन्हा सापडतं कसं, याचा एक अस्सल मराठी दाखला देतो. रानपिंगळा नावाचं वीतभर घुबड. १८७३ साली ह्यूमसाहेबांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले, त्यांतला शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर हा पक्षी गायबच झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा एक बडा लष्करी पक्षितज्ज्ञ 'मला १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाला' म्हणून एक नमुना दाखवून गेला. मोठ्या माणसाचा शब्द, सगळ्यांनी मानला. पुढे अमेरिकेतल्या पामेला रॅसम्युसन यांनी तो पेंढा भरलेला पक्षी टाक्यांपर्यंत उसवून तपासला, तेव्हा निघालं काय? तो ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला जुनाच नमुना! साहेबानं पुन्हा शिवून, नवी चिठ्ठी लावून तो स्वतःच्या नावावर खपवला होता. मग रॅसम्युसनबाईंनी खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली, खऱ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि दोन सहकाऱ्यांबरोबर त्या सरळ खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, ११३ वर्षांनी, रानपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. पुढे तो मेळघाटात मिळाला आणि २०१४ साली तर थेट तानसाच्या जंगलात, म्हणजे मुंबईचं पाणी जिथून येतं तिथं!

काकांनी ही गोष्ट ऐकून 'बघा, मी म्हणत नव्हतो?' म्हणून टाळी मागितली. मी दिली नाही. कारण ही गोष्ट त्यांच्या बाजूची नाहीच. रानपिंगळा सापडला तो 'जंगल सगळं पाहिलंय कुणी?' असं म्हणून नव्हे. तो सापडला खऱ्या चिठ्ठीवरच्या गावात, तारीख-वार जुळवून. आणि खोट्या चिठ्ठीनं काय केलं? शोधणाऱ्यांना भलतीकडे पाठवलं. खोटा पुरावा निरुपद्रवी नसतो, तो असा. २०१३ चा तो फोटो म्हणजे माइनर्ट्झहागेनसाहेबाच्या घुबडाचाच मोठा भाऊ.

आणि मोठं जनावर शेजारी असलं की काय होतं, हे बोरीवलीकराला कुणी शिकवायचं? संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरांचं. त्यातले बिबटे म्हणजे लपण्याच्या कलेतले पद्मभूषण. रात्री फिरणार, पाय न वाजवता चालणार, माणूस दिसला की झुडपाआड. पण २०१५ सालच्या अभ्यासात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांनी ३५ बिबटे अंगावरच्या ठिपक्यांसकट वेगवेगळे ओळखून मोजले. एखादा बिबट्या भिंत ओलांडून आला तर सोसायटीचा कॅमेरा त्याला टिपतो, वॉचमन पगमार्क दाखवतो, गल्लीतलं एखादं कुत्रं कमी झालेलं असतं आणि सकाळी दूधवाल्याच्या आधी बातमी दारात आलेली असते. पन्नास किलोच्या, लपण्यात तरबेज असलेल्या जनावराची ही कथा. मग कित्येक टनांचं जनावर काय मागे सोडील?

पहिली गोष्ट, दात. शार्कचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात, हजारोंनी. मेगॅलोडॉन जिवंत असता तर त्याचे ताजे, पांढरे दात समुद्रतळावर आणि किनाऱ्यांवर पडलेले मिळाले असते. मिळतात ते सगळे दगड झालेले. चॅलेंजर जहाजानं १८७२ ते १८७६ च्या सफरीत खोल समुद्रातून असे काही दात काढले होते. १९५९ साली एका संशोधकानं त्यांच्यावर साचलेल्या मँगॅनीजच्या पुटावरून त्यांचं वय अवघं अकरा आणि चोवीस हजार वर्षं ठरवलं, आणि 'आहे'वाले अजून त्या आकड्यांवर जगतात. पण पूट कुठं भराभर चढतं, कुठं सावकाश. आधीच दगड झालेल्या दातावर उशिरा चढलेलं पूट दाताचं वय सांगत नाही. भांड्यावर मागल्या दिवाळीला कल्हई केली म्हणून भांडं मागल्या दिवाळीचं ठरत नाही.

दुसरी गोष्ट, पोट. २०२२ सालच्या एका अभ्यासानं हिशेब मांडला की मोठ्या मेगॅलोडॉनला दिवसाला ९८ हजारांहून अधिक कॅलरी लागत असाव्यात. एक वडापाव तीनशे कॅलरींचा धरला तर रोजचे सव्वातीनशे वडापाव. आकडा काढल्यावर मला तो मासा क्षणभर किरकोळ वाटला. आमच्या स्टेशनाबाहेरची एक गाडी त्याला सहज पोसू शकेल. पण एकटा मासा म्हणजे जात नव्हे. छत्तीस लाख वर्षं वंश चालवायचा तर कायम शेकड्यांनी, हजारोंनी मासे हवेत आणि त्या सगळ्यांना हा खुराक हवा. तो खुराक म्हणजे देवमासे. आणि देवमासे असतात वरच्या पाण्यात, श्वास घ्यायला पृष्ठभागावर येणारे, माणसांनी शेकडो वर्षं पाहिलेले, मारलेले, मोजलेले. एवढ्या देवमाशांत कुणाच्या तरी अंगावर त्या दातांचा चावा दिसायला नको? खोल गर्तेत तर खायला मिळणार काय? तिथं वरून पडणाऱ्या उष्ट्याखरकट्यावर गुजराण चालते. सव्वातीनशे वडापाववाल्यानं उपासाच्या पंगतीला कशाला बसावं?

तिसरी गोष्ट, बाळंतपण. पनामामधल्या सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मेगॅलोडॉनच्या पिल्लांचे दात मोठ्या संख्येनं मिळाले. म्हणजे पोरं जन्मायची आणि वाढायची ती उथळ, ऊबदार किनाऱ्यालगत. शिवाय २०२३ सालच्या अभ्यासाप्रमाणे त्याचं शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे सात अंशांनी गरम असायचं. असा गरम रक्ताचा, खादाड, किनाऱ्याला माहेरी येणारा मासा थंडगार काळोखात अज्ञातवास कशाला पत्करील? समुद्र थंड होत गेले, खाद्य घटलं, पांढऱ्या शार्कसारखा लहान पण चपळ वाटेकरी आला आणि सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वी हा खेळ संपला. तसा तो काही फार पुरातनही नव्हे, बरं का. अंधेरीची गिल्बर्ट हिल सहा कोटी साठ लाख वर्षांची. हा त्या टेकडीपुढे कालचा पोर. आपल्या काळ्या पत्थरात त्याचा दात शोधायला जाऊ नये; पत्थर थिजला तेव्हा हा जन्मायचा होता.

एवढं सगळं वाचूनही मला चुटपुट होती. सीलाकांथच्या कथेतली एक गोष्ट डोक्यात राहिली होती. शास्त्रज्ञांनी तोंडात बोट घातलं त्याच्या कितीतरी आधीपासून कोमोरो बेटांवरचे कोळी त्या माशाला 'गोम्बेसा' या नावानं ओळखत होते. म्हणजे समुद्रात काय आहे हे आधी कोळ्याला विचारावं, मग काकांना. म्हणून बाजारात आमच्या नेहमीच्या मावशींना पुतण्याचा तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी बोंबील पुसायचं फडकं बाजूला ठेवून तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, एवढा मासा असता तर ससून डॉकला लिलाव नसता का झाला?"

मेगॅलोडॉनवरचं इतकं नेमकं परीक्षण मी दुसरं वाचलेलं नाही. जगाच्या पाठीवर लक्षावधी बोटी, मैलोन्मैल जाळी, हजारो बंदरं. आणि एकाही लिलावात तो आलेला नाही.

पण मावशी पुढे जे बोलल्या ते त्या व्हिडिओत नव्हतं. "मोठ्या माशाचं काय घेऊन बसलात? पूर्वी मुशी यायची ती दोघांनी उचलायची. आता बघा." पाटीत हातभर लांबीची चार पिल्लं होती. शार्कची पोरं सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात आणि थोडीच पिल्लं देतात. त्यांना वाढायच्या आधी उचललं की पुढची पिढीच उरत नाही. २०२१ साली शास्त्रज्ञांनी हिशेब जाहीर केला की १९७० पासून खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकट ७१ टक्क्यांनी घटले आहेत. त्याच वर्षी असंही सांगितलं गेलं की शार्क आणि पाकटांच्या एकतृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात आहेत. आपल्या देशातून शार्कच्या कल्ल्यांची निर्यात बंद व्हायला २०१५ साल उजाडावं लागलं. जो मासा छत्तीस लाख वर्षांपूर्वी मेला तो जिवंत आहे म्हणून आपण भांडतो. आणि जे जिवंत आहेत ते मरताहेत, त्यावर कट्ट्यावर एक ठराव नाही. राक्षस असेल तर बातमी. मुशी असेल तर कालवण.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर आता देऊन टाकतो. महाकाय शार्क आपल्या समुद्रात अजून जिवंत आहे का? आहे. त्याचं नाव व्हेल शार्क. आजच्या जगातला हा सर्वांत मोठा मासा. बारा मीटरांच्या पुढे वाढतो, बेस्टच्या बसएवढा सहज भरतो आणि आपल्या अरबी समुद्रात फिरतो. त्याच्या तोंडात दात हजारोंनी असतात, पण ते तांदळाच्या कणीएवढे. खातो काय, तर पाण्यातले बारीक जीव गाळून. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एके काळी यकृतातल्या तेलासाठी त्याची कत्तल चालायची. ते तेल होड्यांना पाणी लागू नये म्हणून फासायचे. माइक पांडे यांनी त्यावर खराखुरा माहितीपट काढला, ज्यात नट नव्हते आणि मासा खरा होता. २००१ साली कायद्यानं त्याला संरक्षण मिळालं. २००४ पासून मोरारीबापूंनी गुजरातच्या कोळ्यांना सांगितलं की हा मासा म्हणजे माहेरी आलेली लेक, आणि ज्यांनी भाले मारले होते तेच जाळी कापून तिला सोडू लागले.

आपल्याकडेही २०१८ पासून सरकारची योजना आहे: संरक्षित जलचर जाळ्यात अडकला आणि कोळ्यानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. त्यासाठी अर्जाबरोबर मासा सोडतानाचा फोटो लागतो. मला या परीक्षणात सर्वांत आवडलेली कलाकृती हीच. हलत्या होडीतून काढलेला, थोडा डळमळीत, निम्म्या भागात कुणाची तरी कोपरं आलेला फोटो. नेपथ्य नाही, दाढीवाला शास्त्रज्ञ नाही, पाणबुडी नाही. नुसतं कापलेलं जाळं, आणि पाण्याखाली निघून चाललेली पांढऱ्या ठिपक्यांची लांबलचक पाठ. दाखवण्यासारखे दात नसल्यामुळे त्याच्यावर अजून कुणी सिनेमा काढलेला नाही.